खांद्यावरची किल्ली

सुधाताई इंगळे यांची मुलगी गरिमा आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो, त्यामुळे सुधाताईंना मी लहानपणापासून पाहत आले आहे. ग्वाल्हेरात त्यांना नावाने ओळखणारे थोडेच. पण झाशी रोडवरच्या मिशनच्या मुलींच्या हॉस्टेलमधली मराठी वॉर्डन म्हटलं, की त्या भागातले जुने लोक लगेच ओळखतात. नोकरीचं जवळजवळ सगळं आयुष्य त्यांनी त्या हॉस्टेलच्या किल्ल्या सांभाळण्यात घालवलं. संस्था ख्रिस्ती आणि वॉर्डनच्या खोलीत देवांचे टाक, अशी ती गंमत होती. तिची सवय सगळ्यांना इतकी झाली होती, की पुढे पुढे त्याबद्दल कोणी बोलतही नसे.

सुधाताईंचं माहेर शिंदे की छावणीत. पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर आलेले. वडील महाराज बाड्यावरच्या एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन उभे राहायचे. बारावी झाल्यावर सुधाताईंचं लग्न टोपी बाजारातल्या सूर्याजी इंगळ्यांशी झालं. थोरले भाऊ महिपतराव यांच्या ठोक कापडाच्या दुकानात सूर्याजी काम करत. गरिमा नुकती बोलायला लागली होती, तेव्हा मुरैन्याहून माल आणताना टेम्पो उलटला आणि सूर्याजी जागीच गेले.

महिपतराव वाईट माणूस नव्हते. भावाच्या बायकोला आणि मुलीला त्यांनी घरात ठेवलं, जेवूखाऊ घातलं. पण घराच्या सगळ्या किल्ल्या मोठ्या जाऊबाईंच्या कमरेला असत. धान्याच्या कोठीची, दुधातुपाच्या कपाटाची. बिस्किटांच्या डब्यालासुद्धा छोटं कुलूप होतं. गरिमाला भूक लागली की सुधाताईंनी जाऊबाईंकडे जायचं, हात पुढे करायचा आणि त्या काढून देतील तेवढं घ्यायचं. एका लग्नसराईत जाऊबाई सकाळीच किल्ल्यांसकट मुरारला गेल्या. दुपार उलटली तरी त्या आल्या नाहीत. पोर रडून रडून दमली. शेवटी सुधाताई शेजारच्या घरी गेल्या आणि कपभर दूध मागून आणलं. शेजारणीने दूध लगेच दिलं, पण चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते सुधाताईंना सहन झालं नाही. भरल्या घरात राहून आपण शेजारी दूध मागतो, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या काम शोधायला बाहेर पडल्या. कोणीतरी सांगितलं म्हणून मिशनच्या हॉस्टेलवर गेल्या. आयाचं काम मिळालं तरी करायची त्यांची तयारी होती. हॉस्टेलचा कारभार तेव्हा पाळक विश्वासराव साळवे पाहत. ते मूळचे नगर जिल्ह्यातले, चर्चने उत्तरेत पाठवलेले आणि ग्वाल्हेरातच रमलेले. दारात मराठी बोलणारी बाई पाहून त्यांना बरं वाटलं. आधीच्या वॉर्डनबाई जबलपूरला निघून गेल्या होत्या. बोलता बोलता त्यांनी सुधाताईंची सगळी हकीकत ऐकून घेतली आणि आयाचं नाही, वॉर्डनचंच काम देऊ केलं.

घरून विरोध झालाच. महिपतराव म्हणाले की तिथे गेलीस की बाटवतील. सुधाताईंनी हे विश्वासरावांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, तुमचा खंडोबा बरोबर घेऊन या, खोलीत एक कोनाडा रिकामा आहे. तेवढ्यावर विषय संपला.

पहिल्याच दिवशी विश्वासरावांनी किल्ल्यांचा अख्खा जुडगा त्यांच्या हातात ठेवला. फाटक, स्वयंपाकघर, कोठी, मुलींच्या खोल्या, औषधांचं कपाट, सगळ्यांच्या किल्ल्या त्यात होत्या. सुधाताई घाबरल्या. म्हणाल्या, "हा माझ्याकडे नको, पाळकसाहेब. लागेल ती किल्ली मी तुमच्याकडून मागून घेत जाईन."

विश्वासरावांनी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी कोठीची आणि कपभर दुधाची गोष्ट सांगितली. त्यावर पाळकांनी आपल्या शास्त्रातली, बायबलमधली, एक गोष्ट सांगितली. सुधाताईंनी ती मला इतक्या वेळा सांगितली आहे, की आता ती मला त्यांचीच वाटते.

यरुशलेमच्या राजवाड्यात शेबना नावाचा कारभारी होता. राजाच्या घरावर त्याची सत्ता. पण घरातल्या माणसांकडे लक्ष देण्याऐवजी तो स्वतःसाठी उंच कड्यात थडगं कोरून घेत बसला, मेल्यावरही आपलं नाव राहावं म्हणून. देवाने यशया संदेष्ट्याकडून त्याला निरोप धाडला, की तुला या जागेवरून काढतो. त्याच्या जागी एल्याकीमला नेमलं. त्याला शेबनाचा झगा आणि कमरबंद दिला आणि दाविदाच्या घराण्याची किल्ली त्याच्या खांद्यावर ठेवली. तो उघडील ते कोणी बंद करणार नाही, तो बंद करील ते कोणी उघडणार नाही. पण किल्लीच्याही आधी त्याच्याबद्दल म्हटलं आहे ते हे, की तो त्या शहरातल्या लोकांचा बाप होईल.

"कमरेला नाही, खांद्यावर," विश्वासराव म्हणाले. "त्या काळी किल्ल्या लाकडाच्या, लांब आणि जड असत. ओझं वाहावं तशी ती वाहायची. आणि घर तर राजाचं. एल्याकीम नुसता उघडणारा. तुम्हीही तेवढंच समजा. या मुलींना तुमच्यापुढे हात पसरायला लागू नये, एवढं पाहा."

सुधाताईंनी ते अगदी मनापासून पाळलं. जेवणाच्या वेळेखेरीजही मुलींना भूक लागते, म्हणून चणे आणि गुळाचा डबा त्यांनी उघड्यावर ठेवायला सुरुवात केली. आजारी मुलीच्या उशाशी त्या स्वतः बसायच्या. गरिमा त्या मुलींतच वाढली, आणि मीही सुट्टीत तिथेच पडलेली असायचे. हॉस्टेलात शिवपुरी, श्योपूर, भिंड अशा दूरदूरच्या गावांच्या मुली होत्या. त्या सुधाताईंना 'ताईजी' म्हणत.

पण वर्षं गेली तशी त्यांच्यात एक करडेपणा आला. हे त्या स्वतःच सांगतात. हॉस्टेल नीट चालतं, वेळा पाळल्या जातात, समितीची माणसं येऊन कौतुक करतात, याचा त्यांना अभिमान वाटू लागला. नियम मोडणारी मुलगी म्हणजे आपला अपमान असं त्यांना वाटायचं. विश्वासराव कधी हळूच बोलून दाखवायचे, पण सुधाताई म्हणायच्या की ढिलाई केली तर इतक्या पोरी सांभाळता येणार नाहीत.

अशातच फूलवतीचं प्रकरण झालं. ही कराहलच्या पलीकडच्या सहरिया आदिवासींच्या वस्तीतली मुलगी. अभ्यासात हुशार, स्वभावाने अबोल. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मुलींनी ठरलेल्या तारखेला परत यायचं, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाते, असा समितीचा नियम होता. फूलवती त्या तारखेला आली नाही. तिच्यासारखीच एक मुलगी जागेची वाट पाहत होती, तिचं नाव सुधाताईंनी घालून टाकलं. विश्वासराव तेव्हा नगरला भाचीच्या लग्नाला गेले होते.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी फूलवती आणि तिचा बाप फाटकाशी उभे राहिले. सुधाताई आतल्या बाजूने आल्या, पण त्यांनी फाटक उघडलं नाही. गजांतूनच सांगितलं, की आता जागा राहिली नाही. बाप म्हणाला की घरात बाळंतपण झालं, चूल सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. सुधाताई म्हणाल्या की कारणं सगळ्यांचीच असतात. त्यावर त्याने हात जोडले आणि तो वळला. फूलवती मात्र एक क्षण थांबली. तिने पिशवीतून कापडात बांधलेलं छोटं गाठोडं काढलं आणि गजांतून आत सरकवलं.

"अम्मा ने भेजी है, ताईजी," ती म्हणाली. तिच्या आईने रानात वेचलेली चारोळी होती ती.

सुधाताईंनी गाठोडं घेतलं. बापलेक रस्त्याच्या कडेने बसस्टँडकडे चालू लागले. उन्हात दोघं लहान लहान होत गेलेली त्यांना फाटकातून दिसत होती. एका हातात चारोळी होती आणि दुसऱ्या हातात जुडगा. हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी हाक मारली नाही.

विश्वासराव परतल्यावर त्यांनी फूलवतीची चौकशी केली. सुधाताईंनी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या की नियम म्हणजे नियम. पाळकांनी एवढंच विचारलं, की त्यांना पाणी दिलंत का? पाणी दिलेलं नव्हतं. त्या एका प्रश्नानेच सुधाताईंचा धीर सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्यांच्या खोलीत गेल्या आणि जुडगा टेबलावर ठेवला.

"मी जाऊबाई झाले, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "त्यांनी निदान दार तरी बंद केलं नव्हतं. हे तुमच्याकडे ठेवा. मी याच्या लायकीची नाही."

विश्वासरावांनी जुडग्याला हात लावला नाही. त्यांनी सुधाताईंना बसायला सांगितलं आणि पेत्राची गोष्ट काढली. पेत्र साधा मासे धरणारा माणूस. येशूने त्याला म्हटलं की स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मी तुला देईन, पृथ्वीवर तू जे बांधशील ते स्वर्गात बांधलं जाईल, जे सोडशील ते सोडलं जाईल. एवढा मोठा अधिकार. आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याच पेत्राला असं खडसावलं, की माझ्यापासून दूर हो. पुढे येशूला धरून नेलं त्या रात्री तर पेत्राने तीन वेळा सांगितलं, की मी या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवला तेव्हा तो बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला.

"मग?" सुधाताईंनी विचारलं.

"मग काही नाही. किल्ल्या परत घेतल्या असं कुठेही लिहिलेलं नाही," विश्वासराव म्हणाले. "येशू पुन्हा भेटला तेव्हा त्याने फक्त विचारलं, की तुझं माझ्यावर प्रेम आहे ना, मग माझी मेंढरं सांभाळ. ज्याला आपलं चुकलेलं कळलं त्याच्याच हाती त्याने कळप दिला. तुम्ही बांधलंत, सुधाताई. आता जाऊन सोडा. हा जुडगा इथे ठेवून गेलात तर ते कोण सोडणार?"

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जरा जड आवाजात. येशू शास्त्र्यांवर एकदा संतापून म्हणाला होता, की ज्ञानाची किल्ली तुम्ही घेऊन बसलात, स्वतः आत गेला नाहीत आणि जे आत जात होते त्यांनाही अडवलंत. सुधाताई म्हणतात की या वाक्यानेच त्यांना फाटकाबाहेर काढलं. त्याच दिवशी त्या श्योपूरच्या बसमध्ये बसल्या. गरिमाला आमच्या घरी सोडून गेल्या, म्हणून मला तो दिवस आठवतो. माझ्या आईने त्यांना डब्यात दशम्या बांधून दिल्या होत्या.

वस्तीवर पोहोचल्या तेव्हा फूलवती अंगणात तान्ह्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. ताईजींना पाहून ती आधी घाबरलीच. बापाने खाट टाकली, आईने पाणी आणलं. सुधाताईंनी ते खाली मान घालून प्यायलं. पलीकडच्या गावात एका मुलाकडे फूलवतीच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. बाप म्हणाला की पढाई तो छूट ही गई, आता घरी बसवून काय करायचं.

"गलती मेरी थी," सुधाताई म्हणाल्या. "लड़की की कोई गलती नहीं। मैं इसे लेने आई हूँ।"

शहरातली शिकलेली बाई एवढ्या लांब येऊन आपली चूक कबूल करते आहे, याचं काय करावं ते बापाला कळेना. शेवटी फूलवतीची आईच उठली, तिने तान्हं पोर आपल्याकडे घेतलं आणि मुलीला म्हणाली, जा, कपड़े बाँध ले. हॉस्टेलात जागा तर नव्हतीच. फूलवतीची खाट सुधाताईंच्या खोलीत पडली, गरिमाच्या शेजारी. दोघींनी ती खोली बारावीपर्यंत वाटून घेतली. आज फूलवती कराहलच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि दर उन्हाळ्यात तिच्याकडून चारोळी येते. आमच्या घरच्या श्रीखंडातसुद्धा तीच असते.

त्या दिवसापासून सुधाताईंनी एक पद्धत पाडली. दाराशी आलेल्या मुलीला आधी आत घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि मग उशीर का झाला ते विचारायचं. नियम तसाच राहिला, पण नंतर तो कोणावर चालवायची वेळ फारशी आली नाही.

विश्वासराव निवृत्त होऊन नगरला मुलीकडे गेले. निघताना त्यांनी सुधाताईंना आपल्याजवळचं मराठी शास्त्र दिलं. त्याच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, श्रद्धावंतांच्या एका लहानशा मंडळीला लिहिलेला निरोप आहे, तो त्यांनी काढून दाखवला. दाविदाची किल्ली ज्याच्या हातात आहे तो येशू त्या लोकांना सांगतो, की तुमची शक्ती थोडी आहे हे मला माहीत आहे, तरी तुमच्यापुढे मी दार उघडून ठेवलं आहे आणि ते कोणाला बंद करता येणार नाही. विश्वासराव म्हणाले की मी गेल्यावर एकटं वाटलं तर हे वाचा. दोन हिवाळ्यांनी ते गेल्याची बातमी आली. सुधाताईंनी त्या दिवशी खंडोबापुढे दिवा लावला आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही केली. यात कोणाला काही विचित्र वाटलं असेल, तर ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही.

मग लॉकडाऊन आला. मुलींना घाईघाईने घरी पोहोचवलं, हॉस्टेल रिकामं झालं. सुधाताई आणि गरिमा दोघीच उरल्या. मे महिन्यात रस्त्यावरून माणसं जायला लागली. मुंबई, पुणे, सुरतहून निघालेली, कोणी ट्रकमधून उतरलेली, कोणी चालत. ग्वाल्हेरचं ते ऊन ज्याने पाहिलं आहे त्यालाच ते चालणं कळेल. सुधाताई फाटकाशी पाण्याचा माठ ठेवायच्या. एका दुपारी एक बाई थांबली. पदर डोक्यावर ओढलेला, पोट पुढे आलेलं, बरोबर नवरा आणि दोन मुलं. बोलण्यावरून भिंडकडची वाटावी अशी. पण फाटकावरची वॉर्डनच्या नावाची पाटी वाचून नवऱ्याने 'सुधाताई' हे मराठी नाव उच्चारलं, तशी ती चक्क मराठीत म्हणाली, "ताई, जरा सावलीत बसू का?"

पुण्यात इमारतींच्या कामावर राहून ती मराठी शिकली होती. सुधाताईंनी पुणं कधी पाहिलेलं नाही. आपल्या भाषेतली ती एवढीशी विनंती ऐकून त्यांनी फाटक उघडलं. आधी ओसरी दिली. तिच्या मुलांच्या तळपायांना फोड आलेले पाहिले, तेव्हा मुलींची मोठी खोली उघडली. मागून आणखी माणसं आली, त्यांनाही आत घेतलं.

संस्थेचे नवे व्यवस्थापक हेमेंद्र सिटी सेंटर भागात राहत. सुधाताईंनी त्यांना फोन केला. ते घाबरले. घरी वडील आजारी, बाहेर रोग पसरलेला, वर पोलिसांचे नियम. म्हणाले, "ताई, समितीला विचारल्याशिवाय कसं, आप समझिए ना."

"तुम्ही विचारा," सुधाताई म्हणाल्या. "तोवर ही माणसं आत बसतात."

हेमेंद्र दुसऱ्या दिवशी सकाळी आले. बराच वेळ रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. मग गाडीतून डाळतांदळाची पोती उतरवली आणि आत येऊन विचारलं, की औषधं काय लागतील. नंतर त्यांनीच ठाण्यावर जाऊन रीतसर कळवलं आणि डॉक्टर बोलावले. ती रीघ संपेपर्यंत हॉस्टेलचं फाटक दिवसभर उघडं राहिलं. गरिमा पोळ्या लाटायची, थांबलेल्या बायका भाजायच्या.

पुढे सगळं सुरळीत झाल्यावर समितीची बैठक झाली. एका सदस्यांनी सुधाताईंना उभं करून विचारलं, की हे तुम्ही कोणाच्या अधिकाराने उघडलंत?

सुधाताई म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे होती. दार संस्थेचं आहे आणि ती माणसं देवाची होती. मी फक्त उघडलं."

मग हेमेंद्र म्हणाले की त्या दिवशी मी फोनवर नाही म्हटलं होतं, हेही नोंदवून घ्या. त्यावर समितीतल्या सगळ्यात वयस्क बाई हसल्या आणि चहा मागवला. विषय तिथेच मिटला.

सुधाताई आता निवृत्त आहेत. ठाटीपूरला गरिमाकडे राहतात. गेल्या महिन्यात मी सकाळी लवकर गेले होते, तर त्या देवापुढे बसल्या होत्या. पूजा झाल्यावर त्या रोज काही माणसांची नावं घेऊन आभार मानतात, हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी मी ते पहिल्यांदा ऐकलं. टोपी बाजारातली दूध देणारी शेजारीण त्यात होती. विश्वासराव होते. फूलवतीची आई होती. पुण्याहून चालत आलेल्या बाईचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून तिच्यासाठी त्या 'ती सावलीत बसलेली' म्हणतात. ते म्हणून झाल्यावर उठल्या आणि मला म्हणाल्या, चल, पोहे करते, तू उपाशी निघाली असशील.